वंशावळीवर हक्क कोणाचा?

बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील पिरनवाडीतील किंवा तिच्या आसपासच्या गावांतील एखाद्या मराठी कुटुंबाने आपल्या घराण्याचा इतिहास संकेतस्थळावर मांडायचे ठरवले, तर त्यासाठी लागणारी साधने एका जागी, एका लिपीत किंवा एका राज्याच्या दफ्तरात सापडत नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. त्यामुळे इनामाचे आणि वतनाचे जुने कागद मोडीत, नंतरचे जमिनीचे उतारे कन्नडमध्ये आणि घरातील पत्रव्यवहार मराठीत अशी स्थिती असते, तर भावकीची एक शाखा चंदगड किंवा गडहिंग्लजकडे, दुसरी गोव्यात आणि तिसरी पुण्या-मुंबईत स्थिरावलेली असते. याशिवाय गावोगाव फिरून वंशावळी सांगणाऱ्या हेळव्याच्या वहीत घराण्याची एक वंशावळ असते, त्र्यंबकेश्वर किंवा पंढरपूर येथील क्षेत्रोपाध्यायांच्या चोपडीत यात्रेला गेलेल्या पूर्वजांची नावे असतात, आडनाव मोठ्या कुळाचे असेल तर त्या कुळाचा छापील कुलवृत्तांत असतो, आणि पेटीच्या तळाशी लग्नकार्यातील काही छायाचित्रे असतात. ही साधने जमवणारा माणूस त्या सर्वांना ‘आमची माहिती’ असे म्हणतो, आणि भावनेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु त्यातील प्रत्येक कागद कोणीतरी लिहिलेला, कोणीतरी जपलेला आणि कोणाविषयी तरी लिहिलेला असतो. लिहिणारा, जपणारा आणि ज्याच्याविषयी लिहिले तो, या तिघांचे हक्क वेगवेगळे आहेत. कायदा त्यांतील पहिल्याची दखल बऱ्यापैकी घेतो, तिसऱ्याची अलीकडे घेऊ लागला आहे आणि दुसऱ्याची जवळजवळ घेतच नाही; म्हणून कौटुंबिक इतिहास प्रसिद्ध करणाऱ्याचे काम कायद्याची कलमे वाचून संपत नाही.

कायद्याचा पाया मात्र आधी समजून घ्यावा लागतो. भारतात कॉपीराइट म्हणजेच स्वामित्वहक्क हा १९५७ च्या अधिनियमाने नियंत्रित होतो आणि तो अधिनियम जानेवारी १९५८ पासून अमलात आहे. हा हक्क साहित्यकृती, कलाकृती, ध्वनिमुद्रण इत्यादी ‘कृतीं’ना मिळतो, आणि साहित्यकृतीच्या व्याख्येत कोष्टके, संकलने आणि संगणकीय माहितीसाठे यांचाही समावेश आहे. हक्क मिळण्यासाठी नोंदणी करणे किंवा ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे छापणे आवश्यक नाही. कृती निर्माण होताच हक्क निर्माण होतो. परंतु हा हक्क मांडणीवर आहे, मांडलेल्या तथ्यावर नाही. एखाद्या व्यक्तीचा जन्म १८९२ साली येळ्ळूरला झाला, तिला चार अपत्ये होती आणि त्यांतील दोघे प्लेगच्या साथीत दगावले, ही विधाने तथ्ये आहेत आणि ती प्रथम शोधून काढणाऱ्याचीही त्यांवर मालकी नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात कल्पना, विषय आणि ऐतिहासिक किंवा आख्यायिकेतील तथ्ये यांवर कॉपीराइट असू शकत नाही, असे स्पष्ट केले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये फाइस्ट खटल्यात टेलिफोन डिरेक्टरीतील नावे आणि क्रमांक यांबाबत हेच म्हटले: नुसते कष्ट पडले म्हणून वर्णानुक्रमाने लावलेल्या यादीवर हक्क निर्माण होत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात डिसेंबर २००७ मध्ये यासारखीच पण थोडी वेगळी कसोटी स्वीकारली. त्यानुसार कृतीत कौशल्य व विवेक यांचा वापर आणि किमान काही सर्जनशीलता दिसली पाहिजे. न्यायालयाचे निकालपत्र कोणाचेही नसते, परंतु प्रकाशकाने त्यावर तयार केलेली सारांशटीप त्या प्रकाशकाची असते, असा या निकालाचा ढोबळ अर्थ आहे.

वंशावळीला ही कसोटी लावली, तर वडील, मुलगा, नातू अशी नावांची नुसती साखळी बहुधा कोणाचीही नसते. तिच्याभोवती लिहिलेली चरित्रे, शाखांच्या स्थलांतराविषयीचे विवेचन, परस्परविरोधी नोंदींतून एक नोंद का स्वीकारली याचे टिपण, रेखाटलेला वंशवृक्ष आणि नकाशे या गोष्टी मात्र त्या त्या लेखकाच्या असतात. कुलवृत्तांत हे याचे उत्तम उदाहरण होय. विसाव्या शतकात चित्पावन, कऱ्हाडे, देशस्थ आणि इतर समाजांतील अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले, आणि जगातील कौटुंबिक इतिहासाच्या वाङ्मयात त्यांना मानाचे स्थान मिळावे इतके त्यांतील काहींचे काम कसोशीचे आहे. संपादकांनी घरोघर माहितीपत्रके पाठवली, मूळ गावे पायी धुंडाळली, क्षेत्रोपाध्यायांच्या चोपड्यांशी नावे ताडून पाहिली आणि बहुतेकांनी त्याचा एक पैसाही मोबदला घेतला नाही. आज या ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या प्रती इंटरनेटवर मिळतात आणि त्यांतील पानेच्या पाने कुटुंबांच्या संकेतस्थळांवर जशीच्या तशी चढवली जातात. अनेकदा संपादकाचे नावही राहत नाही. ग्रंथ डाउनलोड होतो याचा अर्थ तो पुन्हा प्रसिद्ध करण्याची मुभा आहे, असा होत नाही.

मुभा आहे की नाही हे लेखकाच्या मृत्युवर्षावरून ठरते. साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे टिकतो. १९९२ पर्यंत ही मुदत पन्नास वर्षे होती. रवींद्रनाथ टागोर यांच्या साहित्यावरील हक्क संपत आल्याच्या सुमारास ती वाढवण्यात आली. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १९५९ मध्ये वारले, म्हणून त्यांचे स्वतःचे लेखन १ जानेवारी २०२० पासून सर्वांना खुले झाले. परंतु त्यांनीच संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड सरकारने १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध केले होते, आणि सरकारी प्रकाशनाची मुदत लेखकाच्या मृत्यूपासून न मोजता प्रकाशनापासून मोजली जात असल्यामुळे ते त्याआधी कितीतरी वर्षे मुक्त झाले होते. १८८४ साली निघालेले मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे बेळगाव जिल्ह्यावरील पुस्तकही असेच मुक्त आहे. याउलट एखाद्या कुलवृत्तांताचा संपादक १९७० मध्ये वारला असेल, तर त्याच्या मजकुरावरील हक्क ३१ डिसेंबर २०३० पर्यंत त्याच्या वारसांकडे राहतो. ग्रंथावर प्रकाशक म्हणून कुलमंडळाचे नाव असले तरी हक्क मंडळाचा आहे असे गृहीत धरता येत नाही, कारण कायद्याने पहिला मालक लेखकच असतो. तो पगारी नोकर असेल किंवा त्याने लेखी करारपत्राने हक्क हस्तांतरित केला असेल, तरच तो दुसऱ्याकडे जातो, आणि विनामोबदला झटणाऱ्या संपादकांशी असे लेखी करार क्वचितच झालेले असतात. म्हणून परवानगीचे पत्र मंडळाला आणि संपादकाच्या वारसांना, असे दोघांनाही लिहिणे शहाणपणाचे ठरते. स्वतःच्या अभ्यासापुरती काही पाने उतरवून घेणे किंवा समीक्षा करताना मर्यादित उद्धरण देणे याला अधिनियमाच्या ५२ व्या कलमातील ‘न्याय्य वापर’ या अपवादाचा आधार आहे. संपूर्ण शाखेची चरित्रे आपल्या संकेतस्थळावर चढवणे त्यात बसत नाही.

मुदत संपली तरी नाव पुसण्याचा अधिकार मिळत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. अधिनियमाचे ५७ वे कलम लेखकाला आर्थिक हक्कापलीकडचा एक विशेष अधिकार देते: कृतीचे कर्तृत्व आपले आहे असे सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी तिची मोडतोड रोखण्याचा. हा अधिकार त्याचे वारसही वापरू शकतात. ज्या माणसाने पंधरा-वीस वर्षे घालून एका कुळाच्या शाखा जुळवल्या, त्याचे नाव संकेतस्थळाच्या एका ओळीतही नसावे, ही गोष्ट कायद्याचा विचार बाजूला ठेवला तरी अन्यायाचीच आहे.

छापील ग्रंथांपुरते हे नियम पुरेसे स्पष्ट आहेत. सीमाभागात मात्र एक असे साधन आहे ज्याच्यापुढे कॉपीराइटची सर्व परिभाषा अपुरी पडते, आणि ते म्हणजे हेळवी. हेळवी किंवा हेळवे ही कर्नाटकाच्या उत्तर भागात आणि महाराष्ट्राच्या दक्षिण जिल्ह्यांत वावरणारी वंशावळ सांगणारी जमात असून महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत तिचा समावेश आहे. हेळव्यांच्या प्रत्येक कुटुंबाकडे काही गावे आणि त्या गावांतील काही घराणी परंपरेने वाटून आलेली असतात. सुगी झाल्यावर बैल घेऊन तो गावात येतो, यजमानाच्या दारात किंवा सोप्यात बसून त्या घराण्याचे मूळ ठिकाण, कुलदैवत, तेथून उठून आल्याचे कारण आणि पिढ्यानुपिढ्यांची नावे एका लयीत म्हणून दाखवतो, मागील फेरीनंतर जन्मलेल्या मुलांची नावे विचारून घेतो आणि धान्य, कापड, पैसे असा मान घेऊन पुढच्या घराकडे जातो. बैलाऐवजी वाहनाने येणारे हेळवीही आता दिसतात. पूर्वी मुखोद्गत असलेला हा संग्रह पुढे वह्यांत उतरला, आणि ज्यांच्या घराण्याविषयी सरकारी दफ्तरात दोन-तीन पिढ्यांपलीकडे काहीच नाही अशा शेतकरी कुटुंबांसाठी या वह्या हाच एकमेव इतिहास आहे. कुलवृत्तांत ज्यांच्या वाट्याला आले नाहीत, त्यांचे कुलवृत्तांत हेळव्यांनी सांभाळले.

या वहीचा मालक कोण? तिच्यातील नावे तथ्ये असल्यामुळे कोणाचीच नाहीत. वहीतील लेखन ही एक अप्रकाशित साहित्यकृती मानता येईल, परंतु ती अनेक पिढ्यांच्या हातांनी वाढलेली असल्यामुळे तिचा एक लेखक दाखवता येत नाही. हेळव्याचे म्हणणे ध्वनिमुद्रित केले तर प्रश्न अधिक नेमका होतो. अधिनियमाच्या ३८ व्या कलमाने कला किंवा वचन सादर करणाऱ्याला, म्हणजे ‘परफॉर्मर’ला, स्वतंत्र हक्क दिला आहे आणि तो सादरीकरणानंतरच्या वर्षापासून पन्नास वर्षे टिकतो. व्याख्येत गायक, वादक, नट यांच्याबरोबर गारुडी आणि व्याख्याताही आहे, आणि सादरीकरण करणाऱ्या ‘इतर कोणत्याही व्यक्ती’लाही ती सामावून घेते, त्यामुळे सोप्यात बसून लयीत वंशावळ म्हणणारा हेळवी तिच्या बाहेर राहण्याचे काही कारण दिसत नाही. केवळ स्वतःच्या खासगी उपयोगासाठी किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या मुद्रणाला कायदा आडकाठी करत नाही, पण तेच मुद्रण जगाला खुले करणे ही निराळी गोष्ट आहे आणि त्यासाठी त्याची संमती लागते. मोबाइलवर चित्रीकरण करून संध्याकाळपर्यंत ते सर्वत्र पाठवणाऱ्या उत्साही तरुणाला या हक्काची कल्पना नसते, आणि बहुतेक वेळा हेळव्यालाही नसते. म्हणूनच ती जबाबदारी ज्याला कळते त्याच्यावर अधिक येते.

कायद्यापेक्षा मोठा प्रश्न उपजीविकेचा आहे. हेळव्याची वही हे त्याचे वतन आहे. तिच्यातील एका घराण्याची सर्व पाने छायाचित्रे काढून संकेतस्थळावर टाकली, तर त्या घराण्याच्या पुढच्या पिढीला हेळव्याला बोलावण्याची गरज उरत नाही, आणि पाचपन्नास घराण्यांनी तसे केले तर तो पुढच्या नोंदी ठेवण्याचेच थांबवतो. शिवाय वहीच्या एका पानावर एकाच घराण्याची नोंद असते असे नाही; छायाचित्रात शेजारच्या घराण्याची नावे, त्याने दिलेला मान, कधी दोन भावांतील वाटणीविषयीची टीपही येते, आणि ज्यांची ती माहिती आहे त्यांना याचा पत्ताही नसतो. पाहिजे तेवढीच ओळ उतरवून घेणे, ती कोणत्या गावच्या हेळव्याकडून आणि कोणत्या साली मिळाली हे लिहिणे, त्याचे नाव त्याला विचारूनच देणे आणि प्रसिद्धीची संमती घेताना नेहमीच्या मानाव्यतिरिक्त योग्य मोबदला देणे, एवढे पथ्य पाळले तर परंपरा आणि संकेतस्थळ दोन्ही टिकतात. हरिद्वार आणि इतर काही तीर्थक्षेत्रांतील पंड्यांच्या वह्यांचे सूक्ष्मचित्रण अमेरिकेतील युटा येथील जिनिऑलॉजिकल सोसायटीने केलेले आहे. १८९४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आज फॅमिलीसर्च या नावाने ओळखली जाते. वह्या कसर आणि पाणी यांपासून वाचल्या हे त्या कामाचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र मूळ वही ज्याच्या घरी आहे त्याला नव्या प्रतीत काय वाटा मिळतो, हा प्रश्न अशा प्रत्येक उपक्रमात आरंभीच लेखी सोडवला गेला पाहिजे.

मोडी कागदांचे गणित तुलनेने सोपे आहे. अठराव्या शतकातील निवाडापत्रावर किंवा इनामपत्रावर आज कोणाचा कॉपीराइट नाही, पण ते वाचून देणाऱ्या मोडी जाणकाराच्या श्रमांचे काय? अक्षरास अक्षर लावून केलेल्या लिप्यंतरात स्वतंत्र हक्क निर्माण होतो असे ठामपणे म्हणता येत नाही. फाटलेला मजकूर तर्काने भरणे, तारखांचे रूपांतर करणे, व्यक्तींची ओळख पटवणारी टिपणे लिहिणे यांत मात्र मोडक खटल्यात अपेक्षिलेले कौशल्य आणि विवेक दोन्ही आहेत, आणि दुसऱ्या भाषेतील अनुवादाला तर स्वतंत्र कृतीचा दर्जाच आहे. एखाद्या वाचकाने पैसे घेऊन लिप्यंतर करून दिले असले तरी ते इंटरनेटवर प्रसिद्ध करायचे आहे, हे त्याला आधीच सांगणे सभ्यपणाचे होय. दगडावरील साधनांबाबत अडचण आणखी कमी आहे: गावकुसातील वीरगळ किंवा सतीशिळा यांचे छायाचित्र कोणीही काढू शकतो, पण दुसऱ्याने काढलेले छायाचित्र त्या दुसऱ्याचे असते.

घरातील छायाचित्रांविषयी गैरसमज उलट दिशेचा आहे. पुष्कळांना वाटते की स्टुडिओने काढलेला फोटो कायमचा स्टुडिओचाच. अधिनियमाच्या १७ व्या कलमानुसार मोबदला देऊन, एखाद्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, विरुद्ध करार नसेल तर, ते काढवून घेणारा असतो. म्हणजे १९६५ सालच्या लग्नाचे फोटो ज्याने पैसे देऊन काढवून घेतले, त्याच्या वारसांकडे ते येतात. २०१२ च्या दुरुस्तीपर्यंत छायाचित्रावरील हक्काची मुदत प्रकाशनापासून साठ वर्षे होती, त्या दुरुस्तीने ती छायाचित्रकाराच्या हयातीशी जोडली. १९५८ पूर्वीच्या चित्रांना जुना कायदा पाहावा लागतो, आणि एकोणिसाव्या शतकातील चित्रे मुक्त आहेत असे निर्धास्तपणे समजावे. अशा जुन्या चित्रांची पुठ्ठ्याची मागची बाजूही स्कॅन करण्याजोगी असते. स्टुडिओचा शिक्का, गावाचे नाव, आणि आजीने किंवा आत्याने टाकाने लिहिलेली डावीकडून उजवीकडची नावे तेथे असतात. समोरच्या चेहऱ्यांना इतिहासात जागा मिळते ती या मागच्या बाजूमुळे, आणि संकेतस्थळावर नेमकी तीच कापली जाते.

पत्रे आणि रोजनिशा यांबाबत कायदा अनपेक्षितपणे कडक आहे. पत्राचा कागद ज्याला पाठवले त्याचा, पण मजकुरावरील हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा असतो. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध न झालेल्या साहित्यकृतीची साठ वर्षे तिच्या पहिल्या प्रकाशनानंतर मोजली जातात. त्यामुळे १९३५ मध्ये वारलेल्या पणजोबांची रोजनिशी आजही मुक्त नसते, आणि ज्या वर्षी एखादा पणतू ती प्रसिद्ध करतो त्याच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून घड्याळ सुरू होते. पणजोबांच्या मागे चार शाखा असतील तर हक्क चारही शाखांचा असतो. सार्वजनिक ग्रंथालयात किंवा संग्रहालयात ठेवलेल्या अप्रकाशित लेखनासाठी अपवाद आहे: लेखक माहीत असेल आणि त्याच्या मृत्यूला साठ वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, तर संशोधनासाठी किंवा प्रकाशनाच्या हेतूने त्याची प्रत करता येते. कपाटात कुजणारी रोजनिशी एखाद्या संस्थेच्या ग्रंथालयात देण्याला हे एक सबळ कायदेशीर कारण आहे.

आतापर्यंतचा विचार मृतांच्या आणि लेखकांच्या हक्कांचा झाला. प्रत्यक्षात कौटुंबिक संकेतस्थळामुळे सर्वाधिक नुकसान होते ते जिवंत माणसांचे, आणि तेथे कॉपीराइटचा काही संबंध नसतो. सीमाभागात वंशावळ हा केवळ जिव्हाळ्याचा विषय नाही, तो पुरावा आहे. वडील वारल्यावर जमिनीला वारसांची नावे लावण्यासाठी बेळगाव जिल्ह्यात नाडकचेरी या स्थानिक महसूल कार्यालयातून वंशवृक्षाचा दाखला काढावा लागतो, तर पलीकडे चंदगडला तलाठ्याकडे वारस नोंद करावी लागते. महाराष्ट्रात २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध हाती घेतल्यापासून मोडीतील जन्ममृत्यूच्या नोंदी आणि वंशावळी घरोघरी चर्चेत आल्या, आणि जिल्हा प्रशासनांनी अशा नोंदी आपल्या संकेतस्थळांवर ठेवल्या. अशा वातावरणात कोणीतरी हौसेने चढवलेला, निम्मा ऐकीव आणि निम्मा अंदाजाचा वंशवृक्ष दुसऱ्याच्या अर्जाला जोडला जाऊ शकतो. पारंपरिक वंशावळीत मुलींची नावे बहुधा नसतात. परंतु कर्नाटकाने ३० जुलै १९९४ पासून, महाराष्ट्राने त्याच वर्षीच्या २२ जूनपासून आणि संसदेने २००५ च्या दुरुस्तीने देशभर मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांप्रमाणे सहदायादाचा दर्जा दिला आहे. त्यामुळे मुली वगळलेला वृक्ष ‘संपूर्ण वंशावळ’ या मथळ्याखाली प्रसिद्ध करणे ही जुन्या वळणाची सवय म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. ते असत्य विधान आहे आणि एखाद्या बहिणीच्या हक्काच्या आड ते येऊ शकते.

कोणती माहिती झाकावी याबाबत आपल्या कायद्यांतच काही उपयुक्त खुणा आहेत. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या १७ व्या कलमानुसार कोणीही नोंदीचा उतारा मागू शकतो, पण मृत्यूचे कारण त्या उताऱ्यात उघड करता येत नाही. जनगणना अधिनियम १९४८ ने तर घरोघरी भरलेल्या जनगणनेच्या नोंदी पाहण्याचा हक्क कोणालाच ठेवलेला नाही. ब्रिटनमध्ये त्या शंभर वर्षांनी आणि अमेरिकेत बहात्तर वर्षांनी खुल्या होतात. जे कारण निबंधक सांगत नाही ते पुतण्याने संकेतस्थळावर लिहावे काय, हा प्रश्न आत्महत्या, मनोरुग्णता, कुष्ठरोग, दत्तकविधान, मोडलेले लग्न अशा प्रत्येक नोंदीच्या वेळी विचारला गेला पाहिजे, कारण मृत व्यक्तीला त्रास होत नसला तरी तिच्या नातवंडांची लग्ने अजून व्हायची असतात. जिवंत व्यक्तींच्या बाबतीत वंशावळकारांत एक चांगला संकेत रूढ आहे: गेल्या शंभर-एकशेदहा वर्षांत जन्मलेल्या आणि मृत्यूची नोंद नसलेल्या व्यक्तीला जिवंत मानायचे आणि तिचा तपशील खुल्या पानावर दाखवायचा नाही. जन्मतारीख, आईचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी यांचा संच बँकेच्या पडताळणीत विचारला जातो तोच असतो, हे लक्षात घेतले तर या संकेताचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. अज्ञान मुलांची छायाचित्रे आणि शाळांची नावे तर कधीच देऊ नयेत.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला, आणि त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला. व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती या अधिनियमातून वगळलेली आहे. भावकीतील चाळीस घरांपुरते, परवलीचा शब्द देऊन उघडणारे पान घरगुती म्हणता येईल. पण जगातील कोणालाही वाचता येणारे पान घरगुती कसे? युरोपीय न्यायालयापुढे हाच मुद्दा ६ नोव्हेंबर २००३ च्या लिंडक्विस्ट खटल्यात आला होता. स्वीडनमधील चर्चमध्ये सेवा करणाऱ्या एका बाईने आपल्या सहकाऱ्यांची ओळख करून देणारी पाने इंटरनेटवर टाकली आणि त्यांत एकीच्या पायाला दुखापत झाल्याचाही उल्लेख केला. हेतू निर्मळ असला तरी असंख्य लोकांना खुली झालेली ही माहिती घरगुती अपवादात बसत नाही, असे न्यायालयाने ठरवले. भारतातील न्यायालयांवर तो निकाल बंधनकारक नाही, तरी त्यामागचा तर्क येथेही तितकाच लागू पडतो. एका नातेवाइकाच्या निर्णयाचे परिणाम दुसऱ्यांना कसे भोगावे लागतात, हे २०२३ मध्ये ट्वेन्टीथ्री-अँड-मी या अमेरिकी कंपनीच्या बाबतीत दिसले: चोरट्यांनी प्रत्यक्ष शिरकाव केला तो सुमारे १४ हजार खात्यांत, पण नातेवाईक शोधून देणाऱ्या सुविधेमुळे सुमारे ६९ लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. परदेशी वंशावळ संकेतस्थळांवर घराण्याचा वृक्ष चढवताना त्यांच्या अटी वाचणे आवश्यक असते ते यासाठीच. चढवलेला मजकूर वापरण्याचा व्यापक परवाना कंपनीला देणारे कलम त्यांत सहसा असते, आणि तो परवाना देणारा एक असला तरी नावे शंभरांची असतात.

अचूकतेचा प्रश्न या भागात लिप्यंतरामुळे अधिक बिकट होतो. एकच आडनाव मोडीतून देवनागरीत, देवनागरीतून कन्नडमध्ये आणि तेथून इंग्रजी दाखल्यात जाताना तीन रूपे घेते, गावाच्या नावाचेही तसेच होते, आणि संकेतस्थळावरील शोधयंत्र ही तीन वेगळी माणसे समजते किंवा तीन वेगळ्या माणसांना एक करून टाकते. मूळ नोंदीत जसे लिहिले आहे तसेच रूप देऊन प्रचलित रूप त्याच्यापुढे द्यावे, आणि नोंद कोणत्या कागदावरून, कोणत्या कार्यालयातील किंवा कोणाच्या तोंडची आहे हे प्रत्येक नावापाशी लिहावे, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला चूक शोधता येते. दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून उचललेली आधारहीन नोंद दहा ठिकाणी उमटली की ती दहा साक्षीदारांची साक्ष वाटू लागते, आणि मग ती खोडणे जवळपास अशक्य होते. वंशावळीच्या क्षेत्रात आधार न देता नक्कल करण्याचा खरा तोटा हा आहे. मूळ लेखकाच्या हक्कभंगापेक्षा तो अधिक काळ टिकतो.

असे संकेतस्थळ बहुधा एकाच माणसाच्या हिमतीवर चालते आणि तो माणूस गेला की वर्षभरात भाडे न भरल्यामुळे बंद पडते. त्याने स्वतः लिहिलेल्या मजकुरावरील हक्क त्याच्या वारसांकडे जातो, आणि त्यांना विषयात गोडी नसली तर भावकीतील दुसरा कोणी ते काम कायदेशीरपणे पुढे नेऊ शकत नाही. अधिनियमात यावर दोन उपाय आहेत. हयातीतच लेखी व सहीच्या हस्तांतरणपत्राने हक्क एखाद्या संस्थेला किंवा व्यक्तीला देता येतो. या पत्रात कृतीचे नाव, दिलेले अधिकार, मुदत आणि प्रदेश यांचा उल्लेख असावा लागतो, कारण मुदत न लिहिल्यास ती पाच वर्षे आणि प्रदेश न लिहिल्यास तो भारतापुरता धरला जातो. दुसरा उपाय २१ व्या कलमाचा: लेखक कॉपीराइट निबंधकाला कळवून किंवा जाहीर सूचना देऊन आपला हक्क संपूर्णपणे किंवा अंशतः सोडू शकतो. पहिल्या उपायात जिवंत व्यक्तींचा तपशील कोणाला दिसावा याची अट हस्तांतरणपत्रातच घालता येते. दुसऱ्यात तशी सोय नसल्यामुळे हक्क सोडण्यापूर्वी तो तपशील वेगळा काढून ठेवावा लागतो.